जाताना सहा, येताना सहा

६ जानेवारी, सोमवार

छायाचित्र मंडळाच्या अध्यक्षांचा हुकूम आहे: प्रत्येक फोटोची नोंद ठेवा, वेळ लिहा, उजेड लिहा, काय चुकलं ते लिहा. म्हणून ही वही. एरवी डायऱ्या लिहिणाऱ्यांचं मला कायम हसूच आलेलं आहे.

छत्तीस वर्षं छापखान्यात काढली, तीही अंधाऱ्या खोलीत. दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंच्या फिल्म करायच्या, कापायच्या, लहानमोठ्या करायच्या. स्वतः एक फोटो काढला असेल तर शपथ. नोव्हेंबरात निवृत्त झालो तेव्हा सोबत्यांनी कॅमेरा हातात ठेवला. म्हणाले, आता उजेडात या. मार्चच्या शेवटी मंडळाचं प्रदर्शन आहे, विषय 'आपलं शहर, त्याच्या इमारती आणि रोजचं जगणं'. प्रत्येकाने बारा फोटो द्यायचे.

आज काढले: समोरच्या इमारतीचा कठडा. सकाळी आठ, तिरका उजेड. दोन हलले, एक बरा.

ही दुपारी मोठ्या बाईंकडे गेली होती. मोठ्या बाई म्हणजे हिच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. नजर पार गेली आहे. ही त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार पुस्तक वाचून दाखवते. पायी वीस मिनिटांचा रस्ता. पाचला येते ती आज सहाला आली. गप्पा रंगल्या म्हणे.

९ जानेवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या इमारतीच्या सज्जाची सावली रस्त्यावर पडते, ती टिपली. काय रेघा आल्या आहेत! मीच मला शाबासकी दिली. हौसेने हिला दाखवला.

"हा कोणता कोपरा?"

"अगं, आपलाच. टपालपेटीचा."

"मग पेटी कुठंय?"

"पेटी मुद्दाम बाहेर ठेवली. ती लाल ढब्बी मध्ये आली की सावलीचा सत्यानाश."

"मग कळणार कसं कुठला कोपरा आहे ते?"

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला हिने. भूगोलवाल्यांना फोटोत कला दिसत नाही, पत्ता दिसतो.

१४ जानेवारी, मंगळवार

आज हिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. वळणदार अक्षरात बारा ओळी. मोठ्या बाईंकडे जाताना सहा जागा आणि येताना त्याच सहा जागा. प्रत्येकीचा फोटो हवा आहे, पत्त्याच्या पानाएवढा, पर्समध्ये मावेल असा.

म्हटलं, "जाताना काढला की झालं की. कोपरा तोच, येताना काय वेगळा होतो?"

"होतो," म्हणाली.

"मग नकाशा काढ ना. जन्मभर पोरांकडून नकाशे भरून घेतलेस."

"नकाशात सगळं वरून दिसतं. मी काय घार आहे?"

मी मोठ्याने हसलो. तीही हसली, पण माझ्याआधी थांबली.

शिवाय अटी! कॅमेरा एवढा वर धरायचा नाही, तिच्या उंचीला धरायचा. सावल्या नकोत. पाट्या, पेट्या, दारं यायलाच हवीत. इतक्या अटी तर छापखान्यात मालकसुद्धा घालत नव्हता. पण बायकोने आपल्याकडे काही मागितलं याचा आनंद झाला हेही खरं. कशाला हवेत ते मात्र विचारूनही कळलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते.

"बाबा, आईचं सगळं ठीक आहे ना? मागच्या रविवारी तिने मला एकच गोष्ट तीनदा विचारली."

"तुझी आई एकच धडा तीस वर्षं शिकवत होती. तिला सवय आहे."

ती हसली नाही. पुन्हा तेच तुणतुणं: आमच्याकडे राहायला या, खालची खोली रिकामीच आहे. प्रदर्शनाला येणार आहे, तेव्हा काय ते ठरवून टाकू म्हणाली. हिला सांगितलं तर हातातलं फडकं आपटून म्हणाली, "मी इथून हलणार नाही. बाईंचं पुस्तक अर्धं झालंय. आणि तिला काही सांगू नका."

"काय सांगू नको?"

"काहीच."

जे मला माहीतच नाही ते मी सांगणार कसं?

२ फेब्रुवारी, रविवार

बारापैकी नऊ फोटो नापास. घड्याळजीच्या दुकानाचा फोटो तीनदा काढायला लावला, कारण दुकानावरचं बंद पडलेलं घड्याळ पूर्ण येत नव्हतं. मोठ्या बाईंच्या इमारतीचं हिरवं दार दोनदा. मी गुडघे टेकून फोटो काढतोय आणि ही मागे उभी राहून, "अजून खाली. अजून." येणाऱ्याजाणाऱ्यांची करमणूक झाली.

मंडळात सावलीचा फोटो दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, तुम्हाला दृष्टी आहे." घरी येऊन हिला सांगितलं. ही चष्मा शोधत होती. चष्मा डोक्यावर होता. "काखेत कळसा नि गावाला वळसा," असं म्हणून मी तो तिच्या नाकावर ठेवला. एरवी उलट टोमणा आला असता. आज नुसती बघत राहिली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

किल्ल्या पावाच्या डब्यात सापडल्या. कोणी ठेवल्या विचारलं तर म्हणते तुम्हीच. असेलही. माझं सगळं लक्ष हल्ली फोटोंत.

पण मनात एक किडा वळवळतोय, तो लिहून टाकतो. ही लेकीकडे जायला आतून तयार झाली असावी. तोंडाने नाही म्हणते, पण जाण्याआधी आपल्या रस्त्याच्या आठवणी गोळा करतेय. नाहीतर रोजच्या रस्त्याचे फोटो कोणी मागतं? माय-लेकींचं ठरलेलं असणार आणि मलाच पत्ता नाही. सरळ विचारलं, "तुला जायचंय का तिच्याकडे?" तर डोळ्यांत पाणी. मी काय वाईट बोललो, देव जाणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पास! बाराच्या बारा. अगदी रद्दड फोटो आहेत, ओळखपत्रावरच्या चेहऱ्यासारखे, पण हिने एकेक हातात घेऊन पाहिला आणि चक्क माझा गाल ओढला. आज मोठ्या बाईंकडून पाचच्या ठोक्याला घरी. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा पाचला. घड्याळ लावून घ्यावं अशी येते हल्ली.

३ मार्च, सोमवार

आज उत्तम काम झालं. प्रदर्शनाला हिचेच बारा फोटो द्यायचे ठरवले आहेत, 'रोजचं जगणं' म्हणून; आधी अध्यक्षांना दाखवायला त्यांचा अल्बम लावतोय. येतानाचा दुसरा फोटो, डोळ्यांच्या दवाखान्याशेजारचा दगडी जिना, डाव्या पानावर आला. जिना डावीकडे चढतो, म्हणजे बघणाऱ्याची नजर पानाबाहेर पळते. छापखान्यातला पहिला धडा: डाव्या पानावरचं चित्र उजवीकडे बघायला हवं. हजारो फोटो मी असे उलटे केले असतील, कोणाच्या बापाला कळलं नाही. प्रिंट काढणाऱ्या बाईंना सांगून हाही उलटा करून घेतला. दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं अर्थातच उलटी झाली, म्हणून पाटी वरून कापून टाकली. आता कसा देखणा दिसतो! जिना पानात शिरतो आणि नजरही आत.

एक प्रिंट जास्तीची काढली. हिच्या पर्समधली त्या जिन्याची प्रत चहाने डागाळली आहे आणि कोपरे पार झिजलेत. दहा दिवसांत एखादा फोटो इतका कसा झिजतो कोण जाणे. ही मोठ्या बाईंकडून आल्यावर जरा आडवी झाली होती, तेव्हा हळूच नवी प्रत जागेवर ठेवली आणि जुनी माझ्या खणात टाकली. सांगितलं नाही. बघू, हिला फरक कळतो का!

५ मार्च, बुधवार

ही झोपली आहे, म्हणून आत्ता लिहितो.

पाच वाजले, ही नाही. साडेपाच. सहाला मोठ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, साडेचारला निघाली. मी रस्त्याने जाऊन आलो, कुठेच नाही. दवाखाना, घड्याळजी, पुन्हा दवाखाना. सात वाजता दार वाजलं. बसचा कंडक्टर हिला हाताला धरून उभा.

"शेवटच्या थांब्यावर बसून होत्या, काका. पर्समध्ये पत्ता लिहिलेला सापडला."

स्वतःच्या घराचा पत्ता पर्समध्ये कोण ठेवतं?

"हातात एक फोटो होता. येईल त्याला दाखवत होत्या, हा जिना कुठंय म्हणून. कोणालाच सांगता येईना."

कंडक्टरला चहा विचारायचंही सुचलं नाही. हिला खुर्चीत बसवलं. चपलेचा एक अंगठा तुटला होता. ही मला म्हणाली, "बस चुकली." मोठ्या बाईंकडे बसने कोण जातं?

७ मार्च, शुक्रवार

ही गेली नाही. पुस्तक संपलं म्हणे.

चारला मोठ्या बाईंचा फोन, "का आली नाही हो? शंभरेक पानं राहिलीत."

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बुधवारी निघताना सहा होते. मी मोजून दिले होते."

"काय सहा?"

"फोटो. निघताना ती माझ्या हातात देते, मी बोटांनी मोजून परत देते. आंधळीच्या हातून फोटो मोजून घेते, म्हणून आम्ही हसतो दोघी." पुढे म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालले होते."

काय माहीत असेल? हो म्हणून फोन ठेवला. ही खिडकीशी बसून होती. रस्त्याकडे बघत नव्हती, खिडकीच्या गजांकडे बघत होती. मला काही म्हणता काही कळत नाहीये, आणि विचारायची भीती वाटतेय.

८ मार्च, शनिवार

हिची पर्स उघडली. बायकोची पर्स आयुष्यात कधी उघडली नव्हती, आज उघडली.

फोटो दोन रबरांत बांधलेले. जाताना सहा, येताना सहा. उलटून पाहिले तर प्रत्येकाच्या मागे हिचं अक्षर.

'जाताना १. फाटकातून बाहेर. लाल पेटी दिसेपर्यंत चाल.'

'जाताना ३. बंद घड्याळ. बरोबर आलीस. घाबरू नकोस.'

'येताना १. हिरवं दार पाठीशी ठेव.'

येताना दोनच्या मागे काहीच नव्हतं. कोरा. तो माझा, सोमवारी ठेवलेला.

खणातून जुनी प्रत काढली. उलटली. चहाच्या डागातून वाचता येत होतं: 'येताना २. डोळ्यांचा दवाखाना, पाटी वाच. जिना आहे त्या हाताला वळ. जिना चढायचा नाही.'

छत्तीस वर्षं फोटो हाताळले, कधी एकाची मागची बाजू वाचली नाही.

नवी प्रत घेऊन तसाच जिन्याशी गेलो. ही उभी राहिली असेल तिथे उभा राहिलो, फोटो समोर धरला. जिना डाव्या हाताला, फोटोत उजव्या हाताला. पाटी समोर आहे, फोटोत नाही. म्हणजे हा तो जिना नव्हे, असंच हिला वाटलं असणार. पुढे चालत राहिली असणार. मीही चालत गेलो. पुढच्या चौकात उजव्या हाताला खरोखरच एक जिना आहे, वाचनालयाचा. तिथे वळलो. पाच मिनिटांत बसच्या शेवटच्या थांब्यावर पोचलो.

तिथल्या बाकावर बसून रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. हिने लोकांना जो जिना विचारला तो या शहरात कुठेच नाही. तो मी केला होता.

९ मार्च, रविवार

हिच्यापुढे दोन्ही प्रती ठेवल्या आणि जे केलं ते सांगितलं. उलटा का केला, पाटी का कापली, सगळं. पान, नजर, छापखाना. सांगता सांगता माझं मलाच मूर्खासारखं वाटायला लागलं.

ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

"नव्हती गं."

"मला वाटलं, संपलं आता. फोटो बघूनही कळत नाही म्हणजे संपलंच." आणि ओंजळीत तोंड झाकून घेतलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही निवृत्त व्हायच्या आधीपासून. कोपरे कळेनासे झालेत. ओळखीचे वाटतात हो, पण कुठले ते कळत नाही. सगळे चेहरे आठवावेत आणि नावं जावीत तसं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सुधारायला गेला असता."

गेलोच की.

लेकीला आत्ता फोन करू म्हटलं तर हात धरला. "मला एकदा तिच्या खालच्या खोलीत नेऊन ठेवलंत की तिथला एकही कोपरा मला कधी कळायचा नाही. इथले निदान फोटो बघून तरी कळतात." बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं: उद्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, त्यात सूट नाही. बाईंचं पुस्तक हिने पुरं करायचं. लेक येईल तेव्हा तिला हीच सांगणार, मी मध्ये तोंड घालायचं नाही. आणि मी सोबत चालायचं नाही, वीस पावलं मागून यायचं.

"हातात हात घालून गेलो तर काय बिघडलं?"

"मग तुम्ही मला नेताय असं होईल. मला जायचंय."

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आहेत. पुष्कळ बोलले, निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. निम्मं कळलं तेच नको होतं.

ही तीनला निघाली, मी मागून. गळ्यात कॅमेरा असलेला म्हातारा रस्त्यात कुठेही घुटमळला तरी कोणी विचारत नाही, हे बरं आहे. हिने पेटीशी थांबून पर्समधून पहिला फोटो काढला, पेटीकडे पाहिलं, मागे वाचलं, पुढे गेली. घड्याळाशी थांबली, मान हलवली. मी रोज पाहतो ते घड्याळ. बंद आहे म्हणून कायम हसत आलो त्याला. आज त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

बाराच्या बारा पुन्हा काढले, जरा मोठे, पाणी लागलं तरी खराब होणार नाहीत असे. जिना जिथे आहे तिथे, पाटीसकट. ही म्हणाली, येतानाचा सहावा बदला.

सहावा म्हणजे आमचं दार. रिकामं दार होतं त्यात.

"तुम्ही उभे राहा दारात. मी काढते."

कॅमेरा कसा धरायचा ते दाखवलं. मी निळा स्वेटर घालून उभा राहिलो. हिने काढला तो तिरका आला आहे, माझं कपाळ कापलंय आणि कोपऱ्यात हिचं बोट आलं आहे. प्रिंट काढणाऱ्या बाईंनी विचारलं, सरळ करून देऊ का? आहे तसाच द्या म्हटलं.

अध्यक्षांना अल्बम दिला. जिन्याचा फोटो बघून कपाळाला आठ्या. "साहेब, हा पानाबाहेर बघतोय."

"बघू दे," म्हटलं. त्यांना वाटलं मी रागावलो.

२८ मार्च, शुक्रवार

मोठ्या बाईंचं पुस्तक आज संपलं. ही आत असताना मी हिरव्या दारासमोर दीड तास त्या दाराचेच फोटो काढत होतो. किती उजेड होता वगैरे लिहिलेलं नाही.

येताना हिरवं दार, मग दवाखाना. तिथे ही फार वेळ थांबली. फोटो बघितला, पाटी वाचली, पुन्हा फोटो. मी वीस पावलांवर उभा. पाय उचलत होते, पण शब्द दिला होता. मग ती जिन्याच्या हाताला वळली.

पेटी दिसताच मी बोळातून धूम ठोकली. या वयात धूम म्हणजे काय, पण ठोकली. कारण येताना सहामध्ये मी दारात आहे. आणि तिथे मी नसलो तर ते दार हिचं नाही. धापा टाकत वर आलो, खुंटीवरचा निळा स्वेटर चढवला आणि फोटोतल्यासारखा डावा हात चौकटीवर ठेवून उभा राहिलो.

ही जिना चढून आली. थांबली. पर्समधून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग उलटून मागचं वाचलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी हललो नाही.

"पोचले," म्हणाली.

फोटो माझ्या हातात देऊन आत गेली. मागे एवढंच लिहिलंय: 'येताना ६. पोचलीस. दारात उभे आहेत ते हे.'

उद्या सकाळी लेक येते आहे. काय होईल, मला काहीही कळत नाही. ही म्हणते, ती आली की तिला आधी मोठ्या बाईंकडे नेऊन आणीन, मी पुढे, ती मागे, आणि बोलायचं ते आल्यावर बोलेन. म्हणजे उद्याही मला दारात उभं राहावं लागणार.

चार दिवसांपासून चांगलंच उकडतंय. स्वेटर खुंटीवरच ठेवला आहे, धुवायला टाकलेला नाही.